तेतआधीची फवारणी

३१ जानेवारी
सकाळी प्रकाश सापळ्याच्या दिव्याखालची परात उतरवली तर पाणी दिसतच नव्हतं, नुसते तपकिरी तुडतुडे. एक चमचा भरून मोजला, मग चमचे मोजले, मग गुणाकार केला. आठ हजारांच्या वर. गुणाकार पुन्हा एकदा केला. या हंगामात एका रात्रीत सहाशेच्या वर कधी आले नव्हते.

हे पंखवाले. वाऱ्यावर आले, आता भाताच्या बुंध्याशी पानांच्या आवरणात अंडी घालतील. सात ते नऊ दिवसांनी अंडी फुटतील. विषाऐवजी आम्ही फवारतो ती हिरवी बुरशी अंड्यांना काही करत नाही. ती फवारायची पिल्लं कोवळी असताना, उन्हं उतरल्यावर, थेट बुंध्यावर. आधी मारली तर तीन-चार दिवसांच्या उन्हात ती स्वतःच मरते. उशिरा मारली तर पिल्लं मोठी होऊन कात टाकतात आणि कातीबरोबर बुरशीही टाकून मोकळी होतात.

म्हणजे योग्य संध्याकाळ दहा किंवा अकरा फेब्रुवारी. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. दहाला तेत, आमच्या नव्या वर्षाच्या सणाचा पहिला दिवस.

२ फेब्रुवारी
खोपटातल्या पिशव्या तपासल्या. शिजवलेल्या तांदळावर बुरशी छान धरली आहे, गर्द हिरवी. एकशेचाळीसपैकी सहा काळ्या पडल्या, त्या पुरल्या. आमच्या गटातल्या नऊ घरांना एका फवारणीपुरतं आहे, दुसरीपुरतं नाही. नवीन करायला बारा-चौदा दिवस लागतात.

पीक पोटरीत आहे. याच वेळी तुडतुडे रस शोषू लागले तर शेत जळाल्यासारखं गोल गोल वाळत जातं.

आईने आज पुन्हा विचारलं, "यंदा विष आणावं लागणार नाही ना?" नाही म्हटलं. दोन वर्षांपूर्वी बाबा फवारता फवारता बांधावर कोसळले तेव्हा मी कॉलेजात होते. डॉक्टरांनी आईला सांगितलं होतं की या माणसाच्या अंगात आता आणखी विषाला जागा नाही, याने पुन्हा औषधाचा पंप पाठीवर घेतला तर माझ्याकडे आणू नका. म्हणून तर मी शहरातली नोकरी न घेता इथे ही बुरशी वाढवत बसले आहे. बाबांनी पंपाला हात लावायचा नाही, एवढं एकच मला सांभाळायचं आहे.

४ फेब्रुवारी
नऊ घरांची बैठक आमच्याच ओसरीवर झाली. मी फळ्यावर तारखा मांडल्या. दहा किंवा अकरा असं सांगितलं. मग दहावी आत्या (आमच्याकडे माणसाला घरातल्या जन्मक्रमानेच हाक मारतात) म्हणाली की तेतला जमिनीलाही विश्रांती असते, तिच्या आजीच्या काळापासून तीन दिवस कोणी शेतात विळासुद्धा नेलेला नाही. पहिल्या दिवशी जे कराल ते वर्षभर करावं लागतं. पहिल्या दिवशी पाठीवर पंप घेतला तर वर्षभर पंपच.

सातवे काका, बाबांचे धाकटे भाऊ, मला शाळेत असल्यापासून इंजिनियर म्हणतात. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला. "इंजिनियरबाई, तुडतुड्यांना सांग की चार दिवस थांबा. त्यांच्याही घरी पाहुणे येणार असतील."

सगळे हसले. मीही हसले.

मग त्यांनी सरळ विचारलं, "चेष्टा पुरे. आठ तारखेला सगळे मोकळे आहेत. आठला मारलं तर चालेल की नाही?"

मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर नऊतली सात घरं दुकानातून विष आणतील हे दिसत होतं. एकदा घरोघर बाटल्या आल्या की बाबा किती दिवस लांब राहतील? मी म्हटलं, "चालेल."

बाबा माझ्याकडे बघत होते. ते तिसरी शिकलेत. मी सांगितलेलं ते कधी दुसऱ्याकडून खात्री करून घेत नाहीत.

फळ्यावर 'चालेल' असं लिहिलं असतं तर मी स्वतःच ते खोडलं असतं. तोंडाने म्हटलेलं खोडता येत नाही.

८ फेब्रुवारी
फवारलं. चार वाजता सुरुवात केली, अंधारायच्या आत नऊ घरांचं झालं. मी आमचं आणि काकांचं केलं. बाबा फक्त पिशव्यांतला भात पाण्यात चोळून आईच्या जुन्या ओढणीतून गाळून देत होते. कोपरापर्यंत हिरवे झाले होते. म्हणाले, "हे विष असतं तर एव्हाना मी आडवा झालो असतो." बऱ्याच दिवसांनी ते इतके खुशीत दिसले.

फवारण्याआधी दहा जागी मोजणीची चौकट टाकून पाहिलं. पिल्लं नाहीत. एकही नाही. हे मी इथेच लिहिते आहे, गटाच्या वहीत लिहिलेलं नाही.

१० फेब्रुवारी
नवं वर्ष. काकांकडे शुभेच्छा द्यायला जाते असं सांगून बांधावरून गेले. शेतात पाऊल टाकलं नाही, नुसती वाकून एक धाट बाजूला केलं. बुंध्याशी पांढुरकी पिल्लं, टाचणीच्या टोकाएवढी. दोन दिवस कडक ऊन पडलं आहे.

११ फेब्रुवारी
दुसरा दिवस, आईच्या माहेरी जायचा. परतताना आईला पुढे पाठवून चौकट टाकली. नेम मोडला, देवानं माफ करावं. चौकटीमागे चौसष्ट पिल्लं.

बाबांनी वही मागितली. आकडे त्यांना येतात. किती झाले की शेत जळतं, असं विचारलं. मी सांगितलं. मग मला राहवलं नाही. आठ तारीख चूक होती, मला माहीत होतं, तरी मी चालेल म्हटलं, हे सगळं सांगून टाकलं. रडलेही. बाबांनी वही मिटून ठेवली. शेवटी म्हणाले की उद्या तिसरा दिवस, गुरूंना भेटायचा, तू कान थो शहरात जाऊन तुझ्या कॉलेजच्या सरांनाच विचार ना. आईने लगेच बदकांची जोडी बांधायला घेतली. रात्री परत येण्याची घाई करू नकोस, मैत्रिणीकडे राहा, होडीची दगदग होते, असं तीन-तीनदा म्हणाली. तेतला मुलीला घराबाहेर झोपू न देणारी माझी आई. माझे हाल तिला बघवत नसावेत.

१२ फेब्रुवारी, कान थो
सरांनी बदकं घेतली आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. रागावले नाहीत. म्हणाले की दुसरी फवारणी लगेच करायला हवी. पिशव्या संपल्यात, असं मी सांगितलं. मग म्हणाले, तुडतुडे खाणारे कोळी किती आहेत ते मोज. कोळी भरपूर असतील तर थांब. आकडा फार चढला तर औषध मारायला सांग, त्यात लाज कसली.

लाज नाही, पण मारणार कोण? रोजावर फवारणारे तेतच्या सहाव्या दिवसापर्यंत दारू सोडून उठत नाहीत. आमच्यापुरतं मी ठरवलं आहे की सहाव्या दिवसानंतर माणूस लावायचा आणि त्या दिवशी बाबांना दहाव्या आत्याकडे पाठवायचं.

१३ फेब्रुवारी
विश्वास बसत नाही. चौकटीमागे नऊ!

दहा जागी टाकली, मग आणखी दहा जागी. नऊ, आठ, अकरा. पाण्यावर मेलेल्या पिल्लांचा थर तरंगतो आहे. आज फवारणीनंतरचा पाचवा दिवस. पुस्तकात बुरशीने पिल्लं मरायला पाच ते सात दिवस दिले आहेत. म्हणजे बुरशी उन्हात टिकली. आमच्या शेताच्या पश्चिमेला नारळाची रांग आहे, सावलीमुळे असेल.

मी धावत घरी आले. बाबा झोपाळ्यात पडून होते. आकडा सांगितला तर नुसते म्हणाले, "बघ. उगीच रडत होतीस." चेहरा ओढलेला, डोळ्यांतून पाणी, घाम. ताटाला हात लावला नाही, नारळपाण्यात शिजवलेली अंडीसुद्धा तशीच. काल काकांकडे पिणं जास्त झालं म्हणे. आई कालव्यावर त्यांचा एकच सदरा धूत होती. तेतमध्ये धुणं काढलंस का, असं विचारलं तर वांती झाली म्हणाली.

नोंदी, राहू नयेत म्हणून. एक, मेलेल्या पिल्लांवर हिरवी बुरशी दिसत नाही. दमट हवा लागते, हवा कोरडी आहे. दहा-बारा पिल्लं ओल्या कागदावर बाटलीत ठेवली आहेत. दोन, कोळी जवळजवळ दिसले नाहीत. तीन, चरातले बोटभर मासे उलटे पडले आहेत, पाणी तापलं असावं. चार, दोन बदकं मेली. दहावी आत्या म्हणते की बदकांचा रोग आला आहे.

१४ फेब्रुवारी
काकांच्या शेतात चौकटीमागे एकशे दहा. बुरशी तीच, संध्याकाळ तीच, हात माझाच. फरक काय? त्यांच्या शेतात पाणी कमी आहे आणि नारळाची सावली नाही. दोन दिवस उशिरा काम करेल, एवढंच.

संध्याकाळी काका आमच्याकडे आले. त्यांनी कोणाला तरी गाठून ठेवलं होतं, उद्या फवारायला तो तयार होता. पंप त्याचा, औषध त्याचं. "मारू का?" एवढंच विचारलं. आज चेष्टा नव्हती.

मी वही उघडून दाखवली. आमचं चौसष्टवरून नऊवर आलं. विष मारलं तर कोळी मरतील, मग उरलेली अंडी फुटल्यावर आवरणारं कोणी राहणार नाही. पाणी वाढवा आणि चार दिवस थांबा.

काका वहीकडे न बघता बाबांकडे बघत राहिले. बाबा झोपाळ्यात होते, त्यांची नजर छपराकडे. मग एकदम उठून ते बदकांना कोंडा घालायला गेले. कोंडा सकाळीच घातला होता.

"चार दिवस," काका म्हणाले. "बरं. इंजिनियर सांगते तर चार दिवस."

१६ फेब्रुवारी
बाटलीतल्या पिल्लांवर काही हिरवं नाही. पांढरी कुजट बुरशी आहे, ती कशावरही येते. कागद फार ओला झाला असेल. नवीन मेलेली आणायला गेले तर मेलेलं सापडलं नाही.

काकांकडे एकशे ऐंशी. पाणी त्यांनी वाढवलं आहे. इतर सात घरांपैकी चौघांनी मला न सांगता विष मारलं. मी कोणाला काही बोलले नाही.

बाबांचे हात थरथरतात. दवाखान्यात चला म्हटलं तर म्हणाले, तेतमध्ये दवाखान्यात गेलं की वर्षभर जावं लागतं.

१८ फेब्रुवारी
आमच्या शेतात चौकटीमागे एकतीस. पुन्हा वाढतायत. का? बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे पसरते, आकडा खाली जायला हवा. कोळी अजूनही नाहीत. मला समजत नाही असं काहीतरी आहे इथे. रात्री जेवताना हे बोलून दाखवलं. बाबांनी आकडा दोनदा विचारला.

काकांच्या शेताच्या मधोमध परातीएवढा पिवळा गोल दिसला. चार दिवस आज पूर्ण झाले. मी त्यांना म्हटलं, आता मारा. त्यांचा माणूस दुसऱ्या गावी निघून गेला आहे, परवा येईल.

१९ फेब्रुवारी
सकाळी बाबा पडले.

२१ फेब्रुवारी
नीट लिहून ठेवते. नंतर मी स्वतःलाच वेगळं काही सांगायला लागेन म्हणून.

एकोणीसला सकाळी मी कालव्यापलीकडच्या घरांची शेतं मोजत होते. साडेआठच्या सुमारास काकांनी हाक मारली. बाबा आमच्या बांधावर कुशीवर पडले होते, सगळे कपडे ओले, तोंडाला फेस. काकांनी त्यांच्या अंगावर चरातलं पाणी मारलं होतं. पंप नव्हता, बाटली नव्हती. औषधाचा वास येत होता, पण त्या दिवशी आसपासच्या सगळ्या शेतांत औषध चाललं होतं, हवाच तशी होती. काका आईला आणायला धावले आणि मी शेजाऱ्याच्या मोटारसायकलवर बाबांना मध्ये धरून आरोग्य केंद्रात नेलं.

नर्सने पहिला प्रश्न विचारला, "औषध मारलं का यांनी?"

मी म्हटलं, "नाही."

तिने डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं. बाहुल्या अगदी बारीक आहेत म्हणाली, पुन्हा विचारलं. मी सांगितलं की आमच्या घरात दोन वर्षं विष नाही. आम्ही बुरशी वापरतो, ती माणसाला काही करत नाही, मी स्वतः कृषी शिकलेली आहे. ती माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी असेल. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि सांगितलं की मुलगी शिकलेली आहे, ती नाही म्हणते. मग त्यांनी मेंदूच्या झटक्याचे उपचार सुरू केले. मी बाबांचे पाय चोळत होते.

पाऊण तासाने आई आली. ती दारातच उभी राहिली. म्हणाली, "मारलंय त्यांनी. तेतच्या तिसऱ्या दिवशी मारलं, आजही मारलं. जुन्या बाटलीतलं."

त्यानंतर विषावरची सुई दिली.

पाऊण तास.

आई माझ्याशी बोलत नाही असं नाही. बोलते. पण तेराला तो सदरा धुताना तिला माहीत होतं का, हे मी विचारलेलं नाही. बाबांनी धुवायला दिला असेल, तिलाही वांतीचंच कारण सांगितलं असेल.

२४ फेब्रुवारी, जिल्हा रुग्णालय
नळी काढली. बाबा स्वतः श्वास घेतात. बोलणं जड आहे. पाय हलत नाहीत. डॉक्टर म्हणतात की काही आठवडे बघू, पण चिखलात उभं राहण्याचं आता विसरा.

दुपारी काका आले. भाताची पेज आणली होती, ती त्यांनी बाबांना स्वतः भरवली, हनुवटीवर ओघळलेली बोटाने पुसली.  मग व्हरांड्यात माझ्याजवळ येऊन बसले. त्यांचं शेत गेलं. गोल एकमेकांना मिळाले आणि आता सगळंच तांबूस आहे. लोंब्या बाहेर आल्यात, पण दाणा नाही.

मी तयारी करून ठेवली होती. म्हटलं, काका, मी तुम्हाला थांबवलं ते आमच्या शेताचा आकडा बघून. तो आकडा बुरशीचा नव्हता. आठ तारीखही चूक होती, आणि तेव्हाच मला माहीत होतं. तुमचं शेत मी जाळलं.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "तिसऱ्या दिवशी मी तुमच्या बांधावरून चाललो होतो. वास आला मला."

मला आधी कळलंच नाही. "कसला वास?"

"कसला म्हणजे? तीस वर्षं मारतोय मी, मला वास कळत नाही? तुझा बाप नारळांच्या आडून चालला होता पंप घेऊन. मला बघून हात जोडले. पंप पण तो पडला त्या सकाळी मीच टाकला कालव्यात. मला वाटलं, नर्सला तरी दिसेलच काय झालंय ते."

"मग चौदा तारखेला बोलला का नाहीत? तुमचा माणूस तयार होता. तुम्ही मारू शकत होता."

काकांनी खिशातून सिगारेट काढली, रुग्णालय आहे हे आठवून परत ठेवली.

"मी मारलं असतं तर सगळ्यांनी विचारलं असतं, भाऊ का मारतोय, भावाचं तर बुरशीनं साफ झालं. मग काय सांगायचं? आख्ख्या खानदानात एकच पोर शिकलेली. तिचं चूक निघालं म्हणून सांगायचं?"

मी म्हटलं, सांगायचं. तेच सांगायचं होतं.

"हं," ते म्हणाले. "ते आम्हाला कुठे शिकवलंय कोणी."

२८ फेब्रुवारी
काल गावी आले. गटाच्या वहीत आठ तारखेच्या रकान्यात 'फवारणीच्या वेळी पिल्लं नव्हती' असं लिहिलं. तेराच्या रकान्यातला नऊ खोडला नाही, त्याच्यापुढे औषधाचं नाव आणि 'बाबांनी मारलं' असं लिहिलं. मग वही घेऊन आठही घरी गेले.

दोन घरांचं उशिरा पेरलेलं आहे. त्यांच्याकडे पुढची अंडी फुटतील ती सात मार्चच्या आसपास. नव्या पिशव्या काल लावल्या, त्या बारा तारखेच्या आधी तयार होत नाहीत. तोवर पिल्लं मोठी झालेली असतील. म्हणून त्यांना म्हटलं की या वेळी बुरशी वेळेत होणार नाही, माझ्या भरवशावर राहू नका.

प्रत्येक ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चालेल म्हटलं होतं तेही, आरोग्य केंद्रातलंही. सांगताना मी वाट बघत होते. कोणीतरी म्हणेल की तू शिकून काय दिवे लावलेस. एखादी बाई तरी उठून आत जाईल.

कोणी उठलं नाही. सगळ्यांनी बाबांची चौकशी केली. एका घरी माझ्यासमोर चहा आला आणि घरातल्यांनी मी पिईपर्यंत आपले पेले उचलले नाहीत. शेवटचं घर दहाव्या आत्याचं. तिचंही अर्धं शेत वाळलं आहे, खळ्याच्या बाजूचं. मी अंगणात उभी राहून सांगत होते तर तिने मध्येच थांबवलं. आत जाऊन खुर्ची आणली, बाहीने पुसली, आणि मला बसवून स्वतः खाली पायरीवर बसली.

"हं," म्हणाली, "आता सांगा इंजिनियरबाई, आम्ही काय करायचं?"